पान ११ आणि पान १९

भाच्याने शनिवारी रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. एका छोट्या तेल-गॅस कंपनीचं इन्व्हेस्टर प्रेझेंटेशन, ३२ पानं. खाली एकच ओळ: "मामा, तू तेलातला माणूस. घेऊ का?"

तेलातला माणूस म्हणजे काय ते आधी सांगतो. मी एकतीस वर्षं प्रॉडक्शनमध्ये काढली. पहिली अकरा मेहसाण्याला, बाकीची उरणला आणि समुद्रात, चौदा दिवस प्लॅटफॉर्मवर नि चौदा दिवस घरी. शेअर बाजारातलं मला जेमतेम कळतं. २००८ च्या जुलैत कच्चं तेल १४७ डॉलरला टेकलं, नेमके त्याच महिन्यात मी असल्याच एका लहान कंपनीचे शेअर घेतले होते, यावरून काय ते समजा. पण विहीर किती देते आणि किती दिवस देते हे मी टाकीवर चढून, डिप टेप सोडून, स्वतः मोजलेलं आहे. तेव्हा हे परीक्षण शेअरचं नाही, त्या ३२ पानांचं आहे.

कंपनीचं नाव देत नाही, आणि ओळखू येऊ नये म्हणून आकडेही थोडे गोल केलेत. एवढं सांगतो की ती बाजारात नोंदलेली आहे, तिचे दोन ब्लॉक आहेत, दोन्ही गुजरातेत, खंभातच्या खोऱ्यात. त्यातला एक 'डीएसएफ'चा. सरकारी कंपन्यांनी शोधलेली पण लहान म्हणून बाजूला राहिलेली क्षेत्रं २०१६ पासून लिलावात दिली जातात, त्यांतला.

मुखपृष्ठावर समुद्र, सूर्यास्त आणि जॅक-अप रिग, म्हणजे समुद्राच्या तळाला पाय टेकवून उभी राहणारी रिग. फोटो सुंदर. कंपनीचं समुद्रात काहीही नाही. तिच्या सात विहिरी एरंडाच्या आणि जिऱ्याच्या शेतांत आहेत, आणि वर मान हलवत बसलेले रॉड पंप. मला तो पंप जास्त देखणा वाटतो, पण ते सोडा. मुखपृष्ठाबद्दल मी गुण कापत नाही. लग्नपत्रिकेवर गणपती असतो तसा तेल कंपनीच्या प्रेझेंटेशनवर समुद्र असतो.

पुढची चार पानं भारताची. भारत आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो, मागणी वाढतच जाणार, सरकारचं धोरण अनुकूल. सगळं खरं. फक्त यातलं कंपनीबद्दल एक अक्षर नाही. पाचव्या पानावर 'देशाच्या ऊर्जा सुरक्षेत आमचं योगदान' असं वाक्य आलं तेव्हा मी पेन्सिल घेतली. कंपनीचं एकूण उत्पादन दिवसाला ४२० बॅरल. एका बॅरलमध्ये १५९ लिटर, म्हणजे साधारण ६७ हजार लिटर. वीस हजार लिटरचे जेमतेम साडेतीन टँकर. देशाला रोज पन्नास लाख बॅरलांहून जास्त लागतं. साडेतीन टँकर हा काही वाईट धंदा नाही, मेहसाणा-कलोल पट्ट्यात अशा लहान क्षेत्रांवर माणसं नीट कमावतात. पण साडेतीन टँकरवाल्याने ऊर्जा सुरक्षा म्हटलं की मला पुढची पानं सावकाश वाचावीशी वाटतात.

सहावं पान नकाशा. कंपनीचा ब्लॉक गडद नारिंगी, आणि आजूबाजूला मोठमोठ्या जुन्या क्षेत्रांची नावं, अशी मांडलेली की आपला ब्लॉक त्यांच्या मांडीवर बसलाय असं वाटावं. शेजारी तेल आहे याचा अर्थ शेजारी तेल आहे, एवढाच. मधे एक फॉल्ट, म्हणजे थर तुटून सरकलेली भेग, असली की संपलं. चालू विहिरीपासून चारशे मीटरवर खोदलेली विहीर कोरडी निघालेली मी पाहिली आहे, आणि त्या दिवशी जिऑलॉजिस्ट कँटीनमध्ये जेवायला आला नव्हता.

सातव्या पानावर सगळ्यात मोठ्या टायपात '२.४ कोटी बॅरल'. भाचा इथे हुरळला होता. हे तेल जमिनीखाली दगडाच्या छिद्रांत आहे असा अंदाज आहे. त्याला 'ऑइल इन प्लेस' म्हणतात. ते सगळं वर येत नाही. किती येईल हे दगडावर, तेलाच्या घट्टपणावर, खालच्या दाबावर आणि तुमच्या खिशावर अवलंबून. मेहसाण्याच्या उत्तरेकडचं तेल इतकं घट्ट, की बालोल आणि सांथळला जमिनीखालीच थोडं तेल पेटवून बाकीचं पातळ करून काढावं लागलं. तिथे तेल दाखवणं सोपं आणि काढणं कर्मकठीण. या कंपनीच्या तेलाची घनता तळटीपेत दिली आहे. तितकं वाईट नाही, पण पातळ म्हणावं असंही नाही. दहा-पंधरा टक्के निघालं तर मी खूश होईन.

जमिनीखालचा आकडा आणि हातात येणारा आकडा यांची गल्लत फक्त लहान कंपन्या करतात असं नाही. २००५ च्या जूनमध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यात गुजरातच्या सरकारी कंपनीला, जीएसपीसीला, २० ट्रिलियन घनफूट गॅस सापडल्याची घोषणा झाली होती. आम्ही प्लॅटफॉर्मवर टीव्हीसमोर उभं राहून ती ऐकली. पुढे उत्पादन त्या आकड्याच्या सावलीलाही पोचलं नाही, आणि २०१७ मध्ये त्या ब्लॉकचा ८० टक्के हिस्सा ओएनजीसीने सुमारे १०० कोटी डॉलरला घेतला. त्याच खोऱ्यात रिलायन्सच्या डी-६ ब्लॉकमधल्या मुख्य दोन क्षेत्रांचा साठा १० ट्रिलियन घनफुटांवरून ३ वर आणावा लागला. तिथे १० टक्क्यांची भागीदार निको ही कॅनडाची लहानशी कंपनी होती. टोरोंटोच्या बाजारात एकेकाळी शंभर डॉलरच्या पुढे असलेला तिचा शेअर पुढे कवडीमोल झाला. रिलायन्स तो फटका पचवू शकते, निकोसारखी नाही. लहान कंपनीचं प्रेझेंटेशन वाचताना हा फरक मी डोक्यात ठेवतो. तिच्याकडे चुकायला दुसरं क्षेत्र नसतं.

आठव्या पानावर साठे. इथे कंपनीने जे केलंय ते सगळेच करतात, तरी मला खटकतं. 'टू-पी' म्हणजे निघण्याची आणि न निघण्याची शक्यता निम्मी-निम्मी असलेला साठा. 'वन-पी' म्हणजे नव्वद टक्के खात्रीचा. 'टू-सी' हा साठाच नव्हे. तेल आहे, पण काढण्याचा आराखडा, पैसा, मंजुरी, गिऱ्हाईक यांपैकी काहीतरी अजून नाही. कंपनीने टू-पी आणि टू-सी एकाच खांबात रचून वर एकच आकडा लिहिलाय: ६१ लाख बॅरल. हे म्हणजे बँकेतली ठेव आणि सासऱ्यांनी बोललेला प्लॉट एकत्र मिळवून 'माझी मालमत्ता' म्हणणं झालं. राखाडी बारीक अक्षरांतली तळटीप मी मोबाइलवर बोटांनी ताणून वाचली. टू-पी ३२ लाख. तेही ब्लॉकचं एकूण, कंपनीचा हिस्सा ६० टक्के. म्हणजे १९ लाख. सातव्या पानावरचे २.४ कोटी आठव्या पानाच्या तळाशी पोचेपर्यंत १९ लाख झाले. वन-पी कुठेच दिलेला नाही.

वर त्या ६१ लाखांत गॅसही 'बॅरल समतुल्य' करून घातलाय. ६,००० घनफूट गॅसमध्ये साधारण एका बॅरलइतकी उष्णता असते, म्हणून तेवढा गॅस म्हणजे एक बॅरल. उष्णतेचा हिशोब बरोबर, पैशाचा नाही. तेवढा गॅस दर हजार घनफुटांना ७ डॉलरने विकला तरी हाती ४२ डॉलर येतात, आणि बॅरल तेलाचे ६५ धरा. शिवाय डीएसएफमध्ये दर ठरवण्याचं स्वातंत्र्य असलं तरी गॅस थोडा आणि पाइपलाइन लांब असली की दर शेजारचा कारखानदार ठरवतो. कॅनडात अशा आकड्याखाली 'हा आकडा दिशाभूल करू शकतो' असा इशारा कंपनीला स्वतःच छापावा लागतो. आपल्याकडे त्या जागी पानाचा रंग बदलतो.

आता पान ११. माझ्या मते सगळं प्रेझेंटेशन या एका पानासाठी आहे. नव्या विहिरीचा फोटो, हेल्मेट घातलेली हसरी माणसं, आणि 'सुरुवातीचं उत्पादन: दिवसाला ३१० बॅरल'. खाली तारीख. विहीर तिमाहीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली.

सुरुवातीचं उत्पादन म्हणजे किती वेळाचं? बारीक अक्षरांत, 'चोवीस तासांची चाचणी'. नव्याचे नऊ दिवस ही म्हण विहिरीच्या बाबतीत जवळजवळ शब्दशः खरी आहे. विहीर उघडली की भोवतालच्या दगडात साठलेला दाब एकदम मोकळा होतो, आणि पहिल्या दिवशी ती जे देते ते पुन्हा कधी देत नाही. आम्ही पहिल्या दिवसाचा आकडा रजिस्टरमध्ये लिहायचो, पण ऑफिसला फोन करायचो तिसाव्या दिवशी. मला तीस दिवसांची सरासरी हवी, जमल्यास नव्वद दिवसांची. कंपनीकडे तोपर्यंत ऐंशी दिवसांचे आकडे होते. तिने एकाच दिवसाचा छापला.

पण पुढे आठ पानं गेलं की, कर्ज आणि कार्बन यांच्या मधे, एक साधा तक्ता आहे. पान १९. तिमाहीवार सरासरी उत्पादन. मागची तिमाही ३४०, ही तिमाही ४२०. शेजारी हिरवा बाण, २४ टक्के वाढ.

इथे मी चहा ठेवला आणि परत येऊन बसलो. जुन्या सहा विहिरी मिळून ३४० देत होत्या. नवीने ८१ दिवस ३१० दिले असते तर ९१ दिवसांच्या तिमाहीत तिची सरासरी पावणेतीनशेच्या आसपास पडायला हवी होती. ३४० नि पावणेतीनशे, सव्वासहाशेच्या जरा खाली. जुन्या विहिरी म्हातारपणाने थोड्या उतरतात, त्याचे पंधरा-वीस वजा करा. तरी सहाशे. छापलेत ४२०. मग दिवसाला १८० बॅरल गेले कुठे?

एक तर नवी विहीर पहिल्या आठवड्यानंतर बसली. किंवा जुन्यांपैकी एखादी मोठी बंद पडली, पंप गेला, रॉड तुटला, वर्कओव्हर रिगची, म्हणजे जुनी विहीर दुरुस्त करणाऱ्या रिगची, वाट पाहतेय. दोन्ही शक्यता रोजच्या आहेत, दोन्हींत लाज वाटण्यासारखं काही नाही. पण दोन्हींचा अर्थ गुंतवणूकदाराला अगदी वेगळा. रॉड आठवड्यात बदलता येतो, आटलेली विहीर बदलता येत नाही. पान ११ आणि पान १९ एकाच माणसाने एकाच दिवशी बनवली असणार, आणि त्याने ती शेजारी-शेजारी ठेवली नाहीत.

उत्तर मला तेविसाव्या पानावर सापडलं, असं मला वाटतं. खर्चाचं वर्तुळ. 'सांडपाणी वाहतूक व प्रक्रिया' ही फाक मागच्या वेळी ६ टक्के होती, आता १७. एकूण खर्च जवळपास तेवढाच.

मेहसाण्याला आम्ही टाकी मोजायला वर चढायचो तेव्हा पितळी वजनाला एक पेस्ट लावायचो. तेलात ती तशीच राहते, पाण्यात रंग बदलते. टेप वर ओढली की खालचा रंग बदललेला भाग दिसायचा, इतके सेंटिमीटर पाणी. तरुणपणी वाटायचं आपण तेल मोजतोय. नंतर कळलं की आपण दिवसभर पाणीच मोजतो. त्या खोऱ्यातल्या पुष्कळ थरांत तेलाखाली पाणी दबा धरून असतं. तेल घट्ट असलं की पाणी त्याच्यापेक्षा चपळ. पंप जोरात ओढला की ते तेलाला वळसा घालून पुढे पळतं, आणि एकदा विहिरीपर्यंत वाट केली की ती वाट सोडत नाही. आज शंभरात वीस पाणी, सहा महिन्यांनी शंभरात सत्तर. पंप तेवढेच फेरे मारतो, वीज तेवढीच लागते, फक्त वर पाणी येतं, आणि त्याची विल्हेवाट लावायचे पैसे वेगळे.

३२ पानांत पाण्याचं प्रमाण एकदाही दिलेलं नाही. मी दोनदा शोधलं. भाच्याला पीडीएफमध्ये शोधायला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, 'वॉटर' फक्त सीएसआरच्या पानावर आहे. गावातल्या शाळेला कूलर दिलाय."

पुढच्या आठवड्यात कंपनीचा कॉनकॉल होता, गुंतवणूकदारांशी फोनवर प्रश्नोत्तरं. भाच्याने मला जोडून दिलं. माझ्या आधी पाच जणांनी 'काँग्रॅच्युलेशन्स ऑन अ गुड सेट ऑफ नंबर्स' म्हटलं, तेव्हा मीही म्हटलं, न म्हणणं बरं दिसलं नाही. मग विचारलं, नव्या विहिरीची तीस दिवसांची सरासरी किती आणि वॉटर कट, म्हणजे वर येतं त्यात पाण्याचं प्रमाण, किती. थोडी शांतता. मग एक सभ्य आवाज म्हणाला, "सर, व्हेरी गुड क्वेश्चन. विहीर स्टॅबिलाइज होतेय. नेमका डेटा आम्ही ऑफलाइन देऊ." ऑफलाइनची मी अजून वाट पाहतोय. विहीर 'स्टॅबिलाइज' होतेय हे वाक्य मी स्वतः वरिष्ठांना किती वेळा सांगितलंय त्याची गणती नाही, त्यामुळे त्या आवाजावर मला राग आला नाही.

चांगलं काय ते सांगायला हवं, कारण आहे. कर्जाचं पान स्वच्छ आहे: किती, कुणाचं, कधी फेडायचं, व्याज किती. लहान कंपन्यांत हे दुर्मिळ. दुसऱ्या ब्लॉकच्या विहिरी एकेक करून दिल्या आहेत, बंद असलेलीसुद्धा 'बंद' म्हणून. तेल कोणत्या रिफायनरीला जातं, ब्रेंट या जागतिक भावापेक्षा किती कमीने जातं, हेही लिहिलंय. सत्ताविसाव्या पानावर एका विहिरीचा खराखुरा फोटो आहे, मॉडेल नसलेला. विहिरीच्या तोंडाभोवतीचा सिमेंटचा खड्डा कोरडा, स्वच्छ, स्टफिंग बॉक्समधून, म्हणजे रॉडभोवतीच्या सीलमधून, गळती नाही. ज्या माणसाने तो खड्डा तसा ठेवलाय त्याला मी नोकरी दिली असती. फील्डवरची माणसं चांगली आहेत, ऑफिसातली आशावादी आहेत.

'साठ्याचं आयुष्य वीस वर्षांहून अधिक' या पानावर मात्र थांबा. कंपनीच्या वाट्याचे १९ लाख बॅरल, भागिले वर्षाचे ९२ हजार, बरोबर वीस-एकवीस. हिशोब चोख. पण जो साठा वीस वर्षं पुरतो, तो एक तर फार मोठा असतो किंवा फार हळू निघत असतो, आणि १९ लाख बॅरल फार मोठा नाही. शिवाय विसाव्या वर्षीच्या बॅरलची आजची किंमत काय? चहाचे पैसे.

शेवटी भाच्यासाठी एक हिशोब कागदावर मांडून त्याचा फोटो पाठवला. ४२० चे ६० टक्के, म्हणजे कंपनीच्या वाट्याचे दिवसाला सुमारे २५० बॅरल, वर्षाला ९२ हजार. ६५ डॉलरचा भाव, डॉलर ८५ रुपयांना. सुमारे ५१ कोटी. त्यातून साडेबारा टक्के रॉयल्टी, करारात कबूल केलेला सरकारचा हिस्सा, मग विहिरी चालवण्याचा, पाणी वाहण्याचा, पगारांचा खर्च. माझ्या ढोबळ हिशोबाने पंधरा-अठरा कोटी उरतात. त्यातून व्याज, आणि नवी विहीर खोदायची तर तिचे पैसे, कारण न खोदाल तर पुढच्या वर्षी २५० चे २२० होतात. बाजार या कंपनीची किंमत ६०० कोटी लावतोय. उरलेला पैसा आठव्या पानावरच्या त्या उंच खांबाचा आहे.

त्याचा फोन आला. "म्हणजे फसवताहेत का?"

नाही. एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा कुठे ना कुठे दिलाय, फक्त जो मोठा तो वर आणि जो लहान तो तळटीपेत. प्रेझेंटेशन म्हणून पाचपैकी अडीच देतो. अर्धा त्या स्वच्छ खड्ड्याचा. कर्ज, भाव आणि बंद विहीर उघडपणे सांगणाऱ्यांना नव्वद दिवसांची सरासरी आणि वॉटर कट लिहायला काय झालं होतं? दोनच रकाने. ते आले तर मी चार देईन, आकडे वाईट असले तरी.

काल पुढच्या तिमाहीचं आलं. ३४ पानं. मुखपृष्ठावर तोच समुद्र. पान ११ वर आता दुसऱ्या, नव्या विहिरीचा फोटो आहे, 'सुरुवातीचं उत्पादन: २८० बॅरल'. मागच्या विहिरीचं नाव शोधत गेलो तर ती विसाव्या पानावरच्या यादीत सापडली, 'वर्कओव्हरसाठी प्रस्तावित'. सरासरीचा तक्ता अजून आहे, हे कबूल करायला हवं. ३९५. या वेळी शेजारी बाण नाही.

भाच्याने तीनशे शेअर तेव्हाच घेतले होते, हे मला बहिणीकडून कळलं.